तेलाच्या रिगवर जाणाऱ्या पोरांनो, पाइपबद्दल थोडं

परवा गावातल्या एका पोराचा मेसेज आला, दादा रिगवर नंबर लागतोय, काही सांगाल का. दोन ओळीत जमेना म्हणून इथेच लिहितोय.

मी समुद्रातल्या मुंबई हायला नऊ वर्षं काढली, आधी राउस्टअबाउट म्हणजे डेकवरचा हरकाम्या, मग फ्लोअरमन म्हणजे विहिरीच्या तोंडाशी पाइप जोडणारा, १४ दिवस आत १४ दिवस घरी. घरच्यांना भीती आगीची असते. पण आमच्या पोरांचे हातपाय जातात ते पाइपमुळे. पाच इंची ड्रिल पाइपचा एक जॉइंट, म्हणजे एक तुकडा, ३१ फुटांचा, वजन जवळपास ३०० किलो, आणि नाइन फाइव्ह एट (९ ५/८ इंची) केसिंगचा, म्हणजे विहिरीच्या अस्तराच्या पाइपचा, ४० फुटी जॉइंट ८०० किलोच्या वर जातो. क्रेनने बंडल डेकवर टेकवलं, स्लिंग (उचलायचा दोर) ढिली झाली की पाइप घरंगळायला बघतात, वेज, म्हणजे अडवायची पाचर, नीट नसेल तर चार इंच सरकला तरी खेळ खलास.

माझा डावा हात तसाच सापडला. लांबून पाइप ढकलायची पुश-पुल स्टिक कंटेनरमध्ये होती, सामानाची बोट खाली खोळंबलेली, बारा तासांच्या शिफ्टचा अकरावा तास, चौघांच्या कामाला तिघंच, म्हणून हातानेच स्लिंग सोडवायला गेलो. पहिल्यांदा दुखलंच नाही, नुसता ग्लोव्ह चपटा दिसला. दोन बोटांची पेरं गेली. रिपोर्टमध्ये काय, तर कामगाराने हात चुकीच्या जागी ठेवला. खोळंबलेली बोट, लांब शिफ्ट, कमी माणसं, यावर एक अक्षर नाही.

मेसच्या बाहेर बोर्ड असायचा, एलटीआयशिवाय, म्हणजे कामाचा दिवस बुडवणाऱ्या इजेशिवाय, इतके दिवस. तो आकडा शून्यावर गेला की अख्ख्या क्रूचा बोनस जायचा, मग कोणाला लागलं तर पट्टी बांधून लाइट ड्युटी म्हणून ऑफिसात बसवायचे. माझ्या कामावरच्या जोडीदाराची कंबर स्लिप्स (पाइप धरून ठेवणाऱ्या जड लोखंडी पाचरी) उचलून उचलून गेली, आज त्याला पाण्याची कळशी उचलवत नाही, आणि कागदावर त्याला कधी काही झालेलंच नाही. याचा मला आजही प्रचंड राग येतो. पाइप आपोआप आवळणारी आयर्न रफनेकसारखी मशीनं आली आहेत, तरी जुन्या रिगवर अजून टाँग (मोठे पाने) आणि माणसांचे हातच.

तर बाळा, वेज डोळ्याने बघितल्याशिवाय पाइपांच्या मधे जायचं नाही, हात वर करून क्रेन थांबव, कोणी ओरडलं तर ओरडू दे. लागलंच तर त्याच दिवशी मेडिककडे नोंद कर आणि कॉपी माग. कॉन्ट्रॅक्टवर असलास तरी भरपाई मूळ मालकाकडेही, म्हणजे ज्या कंपनीचं काम चालू असतं तिच्याकडेही, मागता येते, हे मला फार उशिरा कळलं; आधी ते १९२३ च्या कायद्यात होतं, नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. बाकी फोन कर, संध्याकाळी घरीच असतो.