जाहिरात बघू दे रे!

आमच्या घरात नेट बंद पडण्याची पूर्वी नाना कारणं असायची. केबल तुटायची, कंपनीचं दुरुस्तीचं काम निघायचं, राउटर तापायचा. आता एकच कारण उरलं आहे, आणि ते म्हणजे मी. एखादं पान उघडायला जरा वेळ लागला की आतल्या खोलीतून बायकोचा आवाज येतो, "तू परत काही केलंस का?" त्या 'परत'मध्ये जे काही भरलेलं असतं ते कुठल्याही लॉगमध्ये सापडत नाही.

मी केलं ते एवढंच, की घरच्या डीएनएसला गाळणी बसवली. आपण साइटचं नाव टाकतो, पण यंत्रांना लागतो आकडी पत्ता. तो शोधून देण्याचं काम डीएनएसचं. घरातले फोन, टॅबलेट, टीव्ही दिवसभर हेच विचारत बसलेले असतात, अमक्याचा पत्ता काय, तमक्याचा पत्ता काय. मध्ये एक रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा संगणक, ठेवायचा, त्यावर पाय-होल हे गाळणीचं सॉफ्टवेअर चढवायचं, आणि जाहिरातवाल्या किंवा पाळत ठेवणाऱ्या डोमेनची चौकशी आली की त्यानं ०.०.०.० असं उत्तर द्यायचं. गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसानं "असं कुणी इथं राहत नाही" म्हणून पाहुण्याला परस्पर वाटेला लावावं, तसं. प्रत्येक उपकरणावर वेगळं काही टाकायला नको. कागदावर याच्याइतकी सुबक योजना नाही.

खरं तर हा नाव-पत्त्यांचा कारभार आधी एका साध्या फाइलवर चालायचा. अर्पानेटच्या, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजाच्या, काळात सगळ्या संगणकांची नावं आणि पत्ते एकाच यादीत असत. ती यादी स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइन्लर यांचा चमू सांभाळायचा. नवं नाव घालायचं असेल तर त्यांना रीतसर कळवायचं. जाळं वाढत गेलं, यादी आवरेना, तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस रचलं आणि जगाची त्या यादीतून सुटका केली. मी ती यादी घरात परत आणली. गंमत म्हणजे, आजही पुष्कळशा ब्लॉकलिस्ट त्याच जुन्या 'होस्ट्स' फाइलच्या ढंगात येतात. शिवाय एखादं नाव सुरू करून हवं असेल तर संबंधित व्यक्तीला रीतसर कळवावं लागतं. संबंधित व्यक्ती सहसा आंघोळीला गेलेली असते.

बसवण्याबद्दल फार सांगत नाही. राउटरच्या पानावर डीएनएसचा रकाना होता, पण करड्या रंगाचा. कितीही क्लिक केलं तरी आत कर्सर लुकलुकेना. कंपनीनं तो बंद करून ठेवला होता. मग राउटरचं डीएचसीपी, म्हणजे घरातल्या उपकरणांना पत्ते वाटून डीएनएस कुणाला विचारायचं ते सांगणारी सोयच बंद केली आणि ते कामही पायकडे सोपवलं. दुसऱ्या डीएनएसच्या जागी ८.८.८.८, म्हणजे गूगलचं सार्वजनिक डीएनएस, टाकून ठेव, अडीअडचणीला बरं, असं सांगणारे हितचिंतक भेटतात. त्यांचं ऐकू नये. उपकरणं तो पत्ता राखीव म्हणून ठेवत नाहीत. मनात येईल त्याला विचारतात, आणि अर्ध्या जाहिराती मागच्या दारानं आत येतात.

खरी परीक्षा पुढे. पहिली तक्रार बायकोची. काहीही शोधलं की ती सगळ्यात वरच्या दुव्यावर बोट ठेवते. वरचे दुवे प्रायोजित, म्हणजे पैसे भरून वर आलेले. त्यांच्यावर टिचकी मारली की आधी मोजदाद करणाऱ्या डोमेनवर जावं लागतं, आणि ते डोमेन माझ्या यादीत. पान उघडत नाही.

"अगं, त्याच्याखालचा दुवा दाब, तीच साइट आहे."

"तीच आहे तर वरची का नाही उघडत?"

या प्रश्नाला तांत्रिक उत्तर आहे. मी ते दिलंही. उत्तर संपेपर्यंत तिनं मोबाइल डेटा चालू करून काम उरकलं होतं.

आईचं प्रकरण मात्र मला अनपेक्षित होतं. ती टॅबलेटवर अक्षरं जुळवायचा खेळ खेळते. एक दिवस टॅबलेट घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "अरे, माझी जाहिरात येत नाही."

मी अभिमानानं म्हणालो, "येणारच नाही. बंद केल्यात मी."

"पण मला बघायचीय."

या खेळात अडलं की एक जाहिरात शेवटपर्यंत पाहायची, म्हणजे एक अक्षर उघडून मिळतं. माझ्या गाळणीमुळे 'जाहिरात उपलब्ध नाही' एवढंच येत होतं आणि आई पाच अक्षरी शब्दापाशी अडकून पडली होती. जाहिराती आपला वेळ खातात, आपल्यावर नजर ठेवतात, वगैरे मी समजावून सांगितलं. तिनं सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "ठेवू दे की नजर. मी काय करते दिवसभर, तेवढीच कुणीतरी चौकशी करतंय." इंटरनेटवरच्या खासगीपणाबद्दल मी पुष्कळ वाचलं आहे, याला उत्तर कुठेच दिलेलं नाही.

मुलीनं तक्रार केली नाही. तिनं विचारलं, "बाबा, आम्ही काय काय बघतो ते तुम्हाला दिसतं?" दिसतं. म्हणजे पान दिसत नाही, पण कुणाच्या फोननं किती वाजता कुठल्या नावाची चौकशी केली ते ओळीनं दिसतं. जगानं घरावर पाळत ठेवू नये म्हणून मी जे बसवलं, त्यात घरावर पाळत ठेवायची उत्तम सोय फुकट मिळते. मी लॉगमधली नावं झाकायची सेटिंग चालू केली. तरी तिनं त्याच संध्याकाळी फोनमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' शोधून काढलं. अँड्रॉइड ९ पासून ते आहेच. आता तिचा फोन माझ्या पायला काही विचारत नाही.

आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप, त्या यूट्यूबच्या जाहिराती? त्या जशाच्या तशा. व्हिडिओ ज्या डोमेनवरून येतो, तिथूनच जाहिरातही येते. नाव अडवलं तर दोन्ही जातात. हे मी घरात अजून सांगितलेलं नाही. 'त्यावर काम चालू आहे' असं म्हणून ठेवलं आहे.

वीज गेली की वेगळाच खेळ. माझ्या पायमध्ये घड्याळाची बॅटरी नाही, त्यामुळे वीज आल्यावर तो जुन्याच वेळेत जागा होतो. डीएनएसची उत्तरं खरी आहेत हे पटवणाऱ्या डीएनएसेकच्या सह्यांना मुदत असते. वेळ चुकीची असली की त्या त्याला खोट्या वाटतात आणि तो कुणाचाच पत्ता खरा मानत नाही. खरी वेळ विचारायची तर टाइम सर्व्हरकडे जायला हवं. त्याचं नाव आहे, पत्ता हवा. पत्ता कोण देणार? तोच. ही कोंडी मी समजावून सांगत असताना घरातली माणसं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहत होती, ती नजर मी ओळखतो. शेवटी टाइम सर्व्हरचा आकडी पत्ताच लिहून टाकला.

मग सवलती सुरू झाल्या. पाय-होलमध्ये उपकरणांचे गट करता येतात. आईचा टॅबलेट सगळ्यात आधी मोकळा केला. बायकोच्या फोनला प्रायोजित दुव्यांपुरती सूट दिली. पुढे 'पुरती' गळालं. मुलीचा प्रश्नच नाही. पूर्ण गाळणी आता दोघांनाच लागू आहे, मला आणि टीव्हीला. टीव्ही आतल्या आत परस्पर ८.८.८.८ ला विचारायचा, म्हणून मी राउटरवर पोर्ट ५३ ची, म्हणजे डीएनएसच्या नेहमीच्या दाराची, वाट वळवून पायकडे आणली. त्यानंतर तो एकदम गप्प झाला. त्याची चौकशीच येईना. २०१८ पासून डीएनएसचे प्रश्न पोर्ट ४४३ वरून, साध्या वेबसाइटच्या वेशात न्यायचीही सोय आहे, आणि टीव्हीवर कालपासून मला नेमक्या त्याच चपलांच्या जाहिराती दिसतायत, ज्या बायकोनं तिच्या फोनवर पाहिल्या होत्या.