हे कसलं झाड गं?

घरात कुणी बॉटनी शिकलेलं असू नये. असलंच, तर त्यानं टेकडीवर जाताना ते नातेवाइकांना कळू देऊ नये. सासवडजवळच्या टेकडीवर पुढे मामा, मागे मी, आणि दर दहा पावलांवर, "हे कसलं झाड गं?"

लोकांना वाटतं, झाडाच्या गळ्यात पाटी असते आणि ती फक्त मलाच दिसते. फुलंफळं असली तर निभावतं. घाणेरीला तर लपायची सोयच नाही. एकाच गुच्छात पिवळी नि गुलाबी फुलं, खाली काळ्या मण्यांचे घोस. पान चुरगळलं की उरलासुरला संशयही नाकातून जातो. इंग्रजांनी शोभेला आणली, बुलबुलांनी डोंगरभर पेरली.

पण दिवाळीनंतर विलायती चिंच ओळखून दाखवा! आकडेबाज शेंगा उन्हाळ्यात. मग पानं मोजा: देठाला दोन फाटे, प्रत्येक फाट्यावर दोनच पानं, बुडाशी काट्यांची जोडी. मी मोजत होते तोवर त्या जोडीनं माझी ओढणी धरली. मामांना काटा दिसला की बोर. "बोराटीच आहे," त्यांनी निकाल दिला.

"नाही मामा, ही मेक्सिकोकडची."

"मग इथं काय करतेय?"

याचं उत्तर अभ्यासक्रमात नव्हतं.

खरी पंचाईत पुढे झाली. कपारीत सीताफळाचं झुडूप, वर एक फळ डोळे उघडून बसलेलं. आत्यानं ते तोडलं, दोन भाग केले आणि भक्तिभावानं म्हणाली, "सीतामाईनं वनवासात हेच खाल्लं." मी हळूच म्हटलं, मूळ अमेरिका खंडातलं. आत्या बिया थुंकायची थांबली. मामा म्हणाले, "हिला काहीच आपलं वाटत नाही." कोकणातला काजू ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी आणलेला, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं, मिटलं.

जेवायला चिंचेखाली बसलो. "ही तरी आपली ना?" मामांनी दरडावून विचारलं. मूळ आफ्रिकेची, असं मी पुटपुटले. आत्यानं ठेचा वाढता वाढता हात आखडता घेतला. "मिरचीसुद्धा बाहेरची?" मी मान डोलावली.

ज्वारीही मुळात आफ्रिकेचीच. पण भाकरी अजून आत्याच्या हातात होती.