‘नोकरी सोडा, तरच लेखक व्हाल’ हा सल्ला का चुकीचा आहे

लिहू पाहणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर सतत फिरत असतो. शब्द बदलतात, मुद्दे तेच राहतात: नोकरीने काफ्काला संपवलं, खरा लेखक पहाटे उठून रोज हजार शब्द लिहितो, लेखनाला अख्खा मोकळा दिवस लागतो, नोकरीत राहून पुस्तक काढताच येत नाही, आणि एकदा पुस्तक निघालं की रॉयल्टीवर, म्हणजे विक्रीतल्या लेखकाच्या वाट्यावर, भागतं, तेव्हा आधी राजीनामा द्या. यावर विसंबून कुणी घरखर्च पणाला लावला तर नुकसान त्याचं होतं, मजकूर पुढे ढकलणाऱ्याचं नाही. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘नोकरीने काफ्काला संपवलं’

जर्मन भाषेत लिहिणारा कथाकार-कादंबरीकार फ्रान्झ काफ्का १९०८ ते १९२२ प्रागच्या कामगार अपघात विमा संस्थेत होता. कचेरी सकाळी ८ ते दुपारी २. नोव्हेंबर १९१२ मध्ये फेलिस बाउअरला, पुढे जिच्याशी त्याचा साखरपुडा झाला तिला, लिहिलेल्या पत्रात त्याने आपला दिवस तासागणिक सांगितला आहे. तीन-साडेतीनपर्यंत जेवण, मग साडेसातपर्यंत अंथरुणात (झोप लागेच असं नाही), उघड्या खिडकीपाशी दहा मिनिटं व्यायाम, तासभर फेरफटका, घरच्यांबरोबर रात्रीचं जेवण, आणि साडेदहा-साडेअकराला लिहायला बसणं. उठायला एक, दोन, कधी तीन वाजत. त्याच वर्षी २२ सप्टेंबरच्या रात्री दहाला बसून सकाळी सहापर्यंत त्याने एक अख्खी कथा एका बैठकीत लिहिली आणि कचेरीत चिठ्ठी धाडली की जरा घेरी आली आहे.

ग्रेगर साम्साची कथा (‘मेटामॉर्फोसिस’) आणि ‘द ट्रायल’ या कादंबरीचा मसुदा, दोन्ही याच नोकरीच्या काळातले. इतकंच नाही, कचेरीतलं कामही लेखनात उतरलं. लाकूड रंधण्याच्या यंत्रांवर होणाऱ्या अपघातांवर त्याने अहवाल लिहिला होता. पात्यांचा दांडा चौकोनी असला तर पाती आणि टेबल यांच्यात मोठी फट राहते आणि कामगाराची बोटं तिथे सापडतात; दांडा गोल केला की फट अरुंद होते. हे त्याने आकृत्यांसह समजावून दिलं. पुढे १९१४ मध्ये शिक्षा देणाऱ्या यंत्राची कथा लिहिताना त्याने ते यंत्र भागाभागाने उलगडून दाखवलं. ती नजर कुठे तयार झाली हे शोधायला लांब जावं लागत नाही.

काफ्का नोकरीवर चिडायचा, हे खरंच आहे. साम्साच्या कथेच्या मध्येच त्याला कचेरीच्या कामासाठी परगावी जावं लागलं, आणि त्यामुळे कथा बिघडली असं त्याने डायरीत लिहून ठेवलंय. ही तक्रार मी हलकी मानत नाही. लांब कथेचा सूर दोन दिवसांच्या खंडाने खरोखर सुटतो. पण ऑक्टोबर १९१४ मध्ये त्याने काय केलं तेही बघा: राजीनामा दिला नाही, दोन आठवड्यांची रजा काढली आणि लिहीत बसला. अवघड प्रकरणासाठी साठवलेली रजा एकदम वापरणं हा आजही सगळ्यांत स्वस्त उपाय आहे. आणि काफ्कापासून शिकायचंच असेल तर कचेरी दोनला सुटायची, हे आधी लक्षात घ्यावं. रात्री आठला घरी पोचणाऱ्या माणसाने नोकरी बदलताना ‘साहित्याशी जवळची’ नोकरी शोधण्यापेक्षा वेळेवर सुटणारी शोधावी.

‘पहाटे उठा, रोज हजार शब्द लिहा’

या सल्ल्याच्या मुळाशी बहुधा एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलोप असतो. तो इंग्लंडच्या टपाल खात्यात ३३ वर्षं होता. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, समोर घड्याळ ठेवून दर पाव तासाला २५० शब्द लिहायचा. एवढंच पुढे ढकललं जातं. उरलेलं असं: पहिला अर्धा तास तो आदल्या दिवशीचं लिखाण वाचण्यात घालवायचा. वेळेवर उठवून कॉफी आणून देण्यासाठी एका नोकराला वर्षाला पाच पौंड जादा द्यायचा. कामानिमित्त आगगाडीने फिरताना पेन्सिलीने लिहायचा, आणि त्याची बायको ते शाईने उतरवून काढायची. मुख्य म्हणजे त्याचा हिशेब आठवड्याचा होता. २५० शब्दांचं एक पान धरून सरासरी ४० पानं, पण कधी २० तर कधी ११२.

रोजचा आकडा मोडतो तो नेमका इथे. सोमवारी पाहुणे येतात, मंगळवारी लोकल उशिरा येते, बुधवारी डोक्यावर दोन हजार शब्दांची थकबाकी असते आणि गुरुवारी वही उघडायचीच भीती वाटते. थकबाकी पुढे नेऊच नका. आठवड्यात पाच बैठका, प्रत्येकी ४५ मिनिटं. पहिली १० मिनिटं मागचं वाचायला, उरलेल्या ३५ मिनिटांत ३०० शब्द. उठण्याआधी पुढच्या प्रसंगाची एक ओळ टिपून ठेवा, नाहीतर पुढची बैठक ‘कुठे होतो आपण’ यातच जाते. आठवड्याला दीड हजार शब्द झाले की डेमी आकाराच्या २०० पानी पुस्तकाचा, म्हणजे साधारण ५० हजार शब्दांचा, पहिला खर्डा ३४ आठवड्यांत होतो. पुनर्लेखनाला तेवढेच आठवडे धरा. ही दीड वर्षांची गोष्ट आहे आणि नोकरी सांभाळून होते.

‘लेखनाला मोकळा दिवस लागतो’

श्री. ना. पेंडसे मुंबईत ‘बेस्ट’मध्ये नोकरीला होते. व्यंकटेश माडगूळकर पुणे आकाशवाणीत. नारायण सुर्वे गिरणीत, मग महापालिकेच्या शाळेत शिपाई, पुढे शिक्षक. बहिणाबाईंना तर अक्षरओळखही नव्हती. जात्यावर आणि शेतात त्या गात आणि मुलगा सोपानदेव ते उतरवून घेई. सुर्व्यांची कविता त्यांच्या कामाच्या जगातून आली, बहिणाबाईंची तर कामाच्या लयीतूनच. यांना मोकळा दिवस मिळाला असता तर आणखी चांगलं लिहिलं असतं, असं म्हणणाऱ्याला त्या लेखनाचं मूळच दिसलेलं नाही.

‘नोकरीत राहून पुस्तक काढता येत नाही’

केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठीचे १९६४ चे वर्तणूक नियम प्रासंगिक साहित्यिक काम पूर्वपरवानगीशिवाय करू देतात. मात्र सरकारी कामात कसूर होऊ नये, आणि सरकारने थांबवायला सांगितलं तर थांबावं लागतं. खासगी कंपनीत नेमणूकपत्रातलं बौद्धिक संपदेचं कलम (नोकरीत असताना केलेलं काम कुणाच्या मालकीचं, हे सांगणारं) वाचा, आणि कादंबरी कंपनीच्या लॅपटॉपवर लिहू नका.

‘पुस्तक निघालं की रॉयल्टीवर भागतं’

सगळ्यांत घातक मुद्दा हाच. आकडे मांडून बघा. किंमत ३०० रुपये, रॉयल्टी १० टक्के, आवृत्ती हजार प्रतींची. सगळ्या प्रती खपल्या तर ३० हजार रुपये. खपायला तीन वर्षं लागली तर महिन्याला साडेआठशेही पडत नाहीत. त्यात करारात ‘छापील किमतीवर’ ऐवजी ‘प्रत्यक्ष मिळालेल्या रकमेवर’ असं असेल आणि विक्रेत्याला ४० टक्के सवलत दिली असेल, तर १८० रुपयांवर १० टक्के म्हणजे प्रतीमागे १८ रुपये. हजार प्रतींचे १८ हजार, तेही वर्षाअखेरीच्या हिशेबानंतर. ट्रोलोपने १८६७ मध्ये राजीनामा दिला, तोवर त्याच्या कादंबऱ्यांना वर्षानुवर्षं चांगले पैसे मिळत होते. क्रम असा असतो.

पगाराचा खरा उपयोग करारावर सही करताना कळतो. घरभाडं थकलेला लेखक समोर येईल तो कागद सही करून देतो. ज्याला पगार आहे तो ‘आठवडाभर वाचून सांगतो’ म्हणू शकतो. त्या आठवड्यात पुढच्या गोष्टी बघा. रॉयल्टी कशावर आणि किती, हे आकड्यात लिहिलंय का. हिशेब कधी मिळणार. ई-पुस्तक, ऑडिओ, अनुवाद आणि चित्रपट यांचे हक्क वेगळे ठेवलेत, की ‘सर्व हक्क’ या दोन शब्दांत गेले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हक्क घेऊन वर्षभरात ते वापरलेच नाहीत, तर करारात वेगळं काही ठरलं नसल्यास ते लेखकाकडे परत येतात. म्हणून ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे शब्द दिसले की तिथे थांबा, आणि त्यांच्या जागी किती वर्षं, कोणती भाषा, कोणतं माध्यम हे लिहून मागा.