रिपोर्ट खरा होता, आईचं दुखणंही खरं होतं

काका, नमस्कार.

‘तुझ्या वडिलांच्या वयाचा आहे, तीस वर्षं लॅबमध्ये काढली’ असं तुम्ही लिहिलंत, म्हणून काका म्हणते. आईच्या पोटदुखीवरच्या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप दोन. ‘तीनदा नॉर्मल आलेला एलएफटी काय कामाचा’ असं लिव्हरच्या रक्तचाचणीबद्दल लिहून मी लोकांचा चाचण्यांवरचा विश्वास उडवते, हा पहिला. रिपोर्ट नॉर्मल असताना दुखतं ते मनाचं, घरच्यांनी ते कुरवाळू नये, हा दुसरा.

पहिला मान्य. ते वाक्य मी चिडून लिहिलं होतं. रिपोर्टने खोटं काहीच सांगितलं नव्हतं. एलएफटीतलं एसजीपीटी हे एन्झाइम वाढतं ते लिव्हरच्या पेशींना इजा झाली की. त्याच चाचणीतली अल्कलाइन फॉस्फटेज आणि बिलिरुबिन दोन्ही वाढली तर पित्ताची वाट अडल्याची शंका येते. दुखण्याचं मोजमाप त्यात कुठेच नाही, हे तुम्ही माझ्याहून चांगलं जाणता. लिव्हरच्या आतल्या भागाला तर वेदना कळतच नाही. दुखतं ते वरचं आवरण ताणलं गेलं तर. पित्ताशयातल्या खड्यांनी कळा येणाऱ्या माणसाचा एलएफटीसुद्धा, खडा नळीत अडकलेला नसेल तर, बहुतेक वेळा नॉर्मल असतो. म्हणून तर सोनोग्राफी सांगतात. आईची तीही स्वच्छ होती, एंडोस्कोपीही.

दुसरा आक्षेप मात्र मी मान्य करणार नाही, कारण ‘मनाचं आहे’ हे आम्ही आठ महिने ऐकलं आणि आईला ऐकवलंही. उजव्या बरगडीखाली दुखतंय म्हटल्यावर सगळ्यांचं लक्ष लिव्हरवर. तिखट बंद, तळण बंद, संध्याकाळी नुसती मुगाची खिचडी. फरक काडीचा नाही. पुढे पुढे आईने सांगणंच सोडलं. कोथरूडहून स्वारगेटला बसने जाताना प्रत्येक स्पीडब्रेकरला ती बरगडीखाली हात दाबून धरायची. मी शेजारी बसून ते पाहत होते आणि मला त्याचा अर्थ लागला नाही. याचं वाईट अजून वाटतं.

शेवटी सदाशिव पेठेतल्या एका वयस्कर सर्जननी फाइल बाजूला ठेवली. जेवल्यावर वाढतं? नाही. शौचाला जाऊन आल्यावर कमी होतं? नाही. मग कधी वाढतं? कुशीवर वळताना, खोकताना, वाकून बादली उचलताना. ‘एका बोटाने दाखवा.’ आईने नेमकं बोट ठेवलं. जागा रुपयाच्या नाण्याएवढी. तिथे दाबून धरून त्यांनी तिला उताणं निजल्या निजल्या डोकं आणि खांदे उचलायला सांगितले. आई कळवळली.

ही कार्नेटची खूण. फिलाडेल्फियाच्या कार्नेट नावाच्या सर्जनने 1926 साली ती लिहून ठेवली. डोकं उचललं की पोटाचे स्नायू घट्ट होतात. दुखणं आत असेल तर ते आड येतात आणि दाबल्याचं कमी लागतं. दुखणं पोटाच्या भिंतीतच असेल तर तेवढंच राहतं किंवा वाढतं. आईची एक बारीक नस स्नायूतून बाहेर येते त्या जागी आवळली गेली होती. रक्तात हे दिसणार कसं? त्याच जागी लिग्नोकेनचं, म्हणजे जागा बधीर करणारं, इंजेक्शन दिलं आणि थोड्या वेळाने आई टेबलावर कुशीवर वळली, तोंडातून आवाज न काढता. काही दिवसांनी दुखणं परतलं, पण पूर्वीइतकं नाही. आणखी एक इंजेक्शन लागलं.

आणि समजा नस सापडली नसती, आयबीएस हा आतड्याचा विकार निघाला असता, तरी? त्यात आतड्याची संवेदना वाढलेली असते, थोडा वायू धरला तरी कळ येते. ती कळ माणूस खरोखर सोसत असतो, काका. ताणाने ती वाढते हे खरं, पण म्हणून ती खोटी होत नाही.

इतर वाचकांसाठी एक सांगते. वजन उतरणं, शौचातून रक्त, ताप, कावीळ, झोपेतून उठवणारं दुखणं यातलं काही असेल तर घरी डोकं उचलून बघत बसू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.

मूळ लेखातलं वाक्य आज बदललं आहे: ‘तिन्ही एलएफटी नॉर्मल आले, म्हणजे लिव्हरच्या पेशींना इजा झाल्याचं दिसत नव्हतं; दुखतं कशाने, हे शोधायचं बाकी होतं.’ लॅबमधल्या माणसाच्या नजरेला यातही काही खटकलं तर जरूर कळवा.