प्रभारित गोलाच्या आत विभव शून्य नसतं

बारावीच्या गटांत फिरणारं उजळणीचं टिपण म्हणतं: ‘प्रभारित धातूच्या गोलाच्या आत विद्युत क्षेत्र शून्य, म्हणून विभवही शून्य.’ पहिला भाग बरोबर, दुसरा चूक. विभव (potential) म्हणजे एकक धन प्रभार अनंतापासून त्या बिंदूपर्यंत आणायला लागणारं कार्य.

क्षेत्र शून्य म्हणजे विभवात बदल नाही, एवढंच. १० सेंटिमीटर त्रिज्येच्या एकट्या गोलावर १ नॅनोकूलॉम प्रभार घ्या. पृष्ठभागावर विभव सुमारे ९० व्होल्ट, केंद्रापासून २० सेंटिमीटरवर ४५. आणि ५ सेंटिमीटरवर? ९०च. बरेच जण kQ/r या सूत्रात (k स्थिरांक, Q प्रभार, r केंद्रापासूनचं अंतर) r म्हणून ५ सेंटिमीटर घालून १८० काढतात. पण ते सूत्र बाहेरच्या बिंदूंचं. अनंतापासून प्रभार आणताना सगळं कार्य पृष्ठभागापर्यंतच होतं, आत त्यात काहीच भर पडत नाही.

परीक्षा देणाऱ्या मुलांचे गुण यात जातात. कृपया ते टिपण पुढे पाठवू नका. पाठवलं असेल तर तिथेच ही दुरुस्तीही टाका.