वीसच्या नोटेकडून पन्नासच्या नोटेकडे

सुट्ट्या जवळ आल्या की ठरलेला मेसेज येतो. "तू सारखा फिरत असतोस, भारतात बघायलाच पाहिजेत अशा दहा जागांची यादी टाक ना." पूर्वी मी इमानेइतबारे टाइप करत बसायचो. आता एवढंच लिहितो, पाकीट उघड आणि नोटा उलट्या करून बघ.

चेष्टा नाही करत. दहाच्या मागे कोणार्कचं सूर्यमंदिर, वीसच्या मागे वेरूळ, पन्नासच्या मागे हंपीचा रथ, शंभराच्या मागे गुजरातमधल्या पाटणची राणी की वाव, दोनशेच्या मागे सांचीचा स्तूप आणि पाचशेच्या मागे लाल किल्ला. २०१६ ते २०१९ मध्ये नव्या नोटा आल्या तेव्हापासून ही यादी आपण खिशात घेऊन फिरतोय. भाजीवाल्याला देताना एकदाही उलटून बघत नाही, ते सोडा.

सहाच्या सहा जागा दगडाच्या आहेत. बर्फाचं शिखर नाही, बॅकवॉटर नाही, बीच नाही. आणि दगडही एकसारखे नाहीत. कोणार्कचा खोंडालाइट, वेरूळचा आपला काळा कातळ, हंपीचा ग्रॅनाइट, सांची आणि दिल्लीचे वालुकाश्म. (पाचशेच्या नोटेच्या रंगाला रिझर्व्ह बँकेनं अधिकृत नाव काय दिलंय माहितीये? स्टोन ग्रे. त्यावर लाल किल्ला. असो.)

तर माझं मत असं आहे की एखादी जागा बघायची तर आधी तिथला दगड बघावा, आणि त्या दगडापर्यंत जमिनीवरून जावं. विमानातून टपकलं की हंपी काय आणि जैसलमेर काय, सगळं एका अल्बमातले फोटो. रस्त्यानं गेलं की पायाखालची जमीन कुठे बदलली ते कळतं. हे सगळ्यात चांगलं कळतं वीसच्या नोटेपासून पन्नासच्या नोटेपर्यंत जाताना. वेरूळ ते हंपी, वाटेत विजापूर, बदामी, पट्टदकल. सातशे किलोमीटरच्या आसपास. मी तीनदा केलाय हा प्रवास, दोनदा गाडीनं आणि एकदा सोलापूरहून रेल्वेनं.

सुरुवात वेरूळला. खरं तर आपण मराठी माणसं वेरूळ शाळेच्या सहलीत एकदा बघतो आणि 'झालं बघून' म्हणून आयुष्यभर गप्प बसतो. सहलीत काय बघितलेलं असतं? पुढच्या पोराची पाठ आणि डबा खायची जागा. मोठेपणी परत जा. आणि १६ नंबरच्या, म्हणजे कैलास लेण्याच्या आत शिरण्याआधी बाजूच्या डोंगरावर चढा. वरून खाली बघितलं की पोटात खड्डा पडतो. कळस आधी, पाया शेवटी. अख्खं देऊळ वरून खाली कोरत आणलंय, सुमारे ३० मीटर खोल. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात. चुकून नंदीचा कान उडाला तर परत चिकटवायची सोय नाही.

हे शक्य झालं ते दगडामुळे. आपला सह्याद्री म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतलेला लाव्हा. एक थर, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर जमीन त्याखाली आहे. यातले काही थर जाड, घट्ट, फारशा भेगा नसलेले. लेणी कोरणाऱ्यांनी असे थर हेरले. कुठल्याही घाटात पावसाळ्यात उभे राहा, डोंगराला पायऱ्या पाडल्यासारखे थर दिसतील. आजीचं जातं, पाटा-वरवंटा, देवळाची दीपमाळ, गडावरचं टाकं, सगळं त्यातलंच. आपल्याला हा दगड इतका सवयीचा की 'दगड' म्हटलं की डोळ्यासमोर काळाच येतो. देशात इतर ठिकाणी तो काळा नसतो, हे मला विशी उलटेपर्यंत खऱ्या अर्थानं जाणवलं नव्हतं.

वेरूळहून सोलापूरकडे निघालं की लेणी संपतात, पण दगड संपत नाही. तो नुसता मऊ झालेला असतो. काळी माती म्हणजे झिजलेला काळा कातळच. त्यावर ज्वारी, कापूस, तूर. सोलापुरात कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून घ्या, पुढे विजापूर जिल्ह्यातही तीच भाकरी 'जोळद रोट्टी' नावानं मिळते. भाषा बदलली, ताट नाही. कारण माती तीच.

विजापूरचा गोल घुमट मी आधी दोनदा टाळला होता. म्हटलं, घुमटच तर आहे. केवढा गाढवपणा! बाहेरून ४४ मीटर व्यासाचा घुमट, आत एकही खांब नाही. १६५६ मध्ये गेलेल्या मुहम्मद आदिलशहाची कबर. त्यानंतर तीनच वर्षांनी याच दरबारातून अफजलखान निघाला, हे डोक्यात ठेवून आत शिरा, इतिहासाच्या पुस्तकातलं 'आदिलशाही' हे नुसतं नाव राहत नाही. ज्या सत्तेला हे बांधणं परवडत होतं, तिच्याशी जावळीतला तो तिशीही न गाठलेला मुलगा भिडला. तिथे उभं राहिलं की प्रतापगड दुप्पट मोठा वाटायला लागतो. सकाळी उघडल्या उघडल्या जा. नऊनंतर सहली येतात आणि वरच्या सज्जात प्रत्येक पोर स्वतःचं नाव ओरडतं, आणि घुमट ते इमानदारीत परत परत ऐकवतो. शांतता असेल तर समोरच्या भिंतीशी कुजबुजलेलं या भिंतीशी ऐकू येतं. गावातच मलिक-ए-मैदान तोफ आहे, सुमारे ५५ टनांची, ओतलेली मात्र आपल्या नगरला.

कृष्णा ओलांडून बागलकोटकडे लागलात की गाडीतल्या लहान पोरांना कामाला लावा. दगडाचा रंग कुठे बदलतो ते सांगायचं, जो आधी सांगेल त्याला आइस्क्रीम. आमच्या गाडीत भाचीनं जिंकलं. 'मामा, डोंगर गंजला!' इतकं चपखल वर्णन मला भूगर्भशास्त्राच्या पुस्तकातही सापडलेलं नाही. लाव्ह्याची चादर इथे संपते आणि तिच्याखाली दबलेला, कित्येक पटींनी जुना दगड वर येतो. म्हणजे दक्षिणेकडे जाताना आपण जिना उतरत असतो, काळाचा.

बदामी म्हणजे लाल-तांबडा वालुकाश्म, मध्ये अगस्त्य तलाव, कड्यात चार लेणी. पहिल्या लेण्यात अठरा हातांचा नटराज. तिसऱ्यात शके ५०० चा, म्हणजे इसवी सन ५७८ चा लेख. मला वेड लावलं ते वेगळ्याच गोष्टीनं. वालुकाश्मात मुळातच रंगांचे पट्टे असतात, आणि ते मूर्तींच्या अंगावरून तसेच वाहत जातात. विष्णूच्या दंडावरून जांभळी रेघ निघते आणि मागच्या भिंतीत जाते. कारागिरानं ती लपवलेली नाही. संध्याकाळी तलावाच्या पलीकडे, भूतनाथाच्या देवळाच्या पायऱ्यांवर बसून समोरचा कडा बघा. माकडांपासून चष्मा सांभाळा.

इथून ऐहोळे जवळ आहे. मेगुतीच्या टेकडीवर ६३४ सालचा रविकीर्तीचा लेख आहे, दुसऱ्या पुलकेशीची स्तुती करणारा. त्यात कालिदासाचं नाव येतं आणि तीन महाराष्ट्रकांचा, ९९ हजार गावांचा उल्लेख येतो. ती अक्षरं आपल्याला वाचता येत नाहीत, पण समोर उभं राहून 'यात आपण आहोत' म्हणताना अंगावर काटा येतो की नाही ते मला येऊन सांगा.

आणि मग पट्टदकल, ज्याच्यासाठी मी हा सगळा रस्ता सुचवतो. ऐका. आठव्या शतकात चालुक्य राजा दुसरा विक्रमादित्य पल्लवांची कांची जिंकतो. जिंकतो, पण लुटत नाही. तिथल्या कैलासनाथ देवळाची संपत्ती देवालाच परत केली असा कन्नड लेख त्यानं तिथेच कोरवला, आजही आहे. परत आल्यावर त्याची राणी लोकमहादेवी या विजयाची आठवण म्हणून पट्टदकलला देऊळ बांधते, आजचं विरूपाक्ष. ते बांधलं गुंड नावाच्या स्थपतीनं, त्याचं नाव लेखात आहे. पुढे राष्ट्रकूटांनी चालुक्यांचं राज्य घेतलं, आणि वेरूळचा कैलास कोरताना डोळ्यासमोर हेच पट्टदकलचं विरूपाक्ष होतं असं अभ्यासक मानतात. आता हे वेरूळ आधी बघून पट्टदकलला आलेल्या माणसाच्या नजरेतून बघा. तोच आराखडा, समोर तोच नंदीमंडप, पण इथे चिरे एकावर एक रचलेत आणि दगड लाल आहे. वेरूळला तीच कल्पना काळ्या कातळात, वरून खाली, अख्खी. आराखडा दक्षिणेहून उत्तरेला गेला आणि आपण त्याच्या उलट वाटेनं आलो. मी त्या मंडपात पाऊण तास नुसता बसून होतो, आणि बायको बाहेरून विचारत होती की बरं वाटत नाहीये का.

तिथून हंपी. गदगमार्गे गेलात तर होस्पेटच्या आधी डोंगर नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी गोट्या येतात. घराएवढ्या. कुणीतरी खेळता खेळता टाकून गेल्यासारख्या, एकीवर एक, आता पडेल की मग पडेल अशा. सुमारे अडीच अब्ज वर्षं जुना ग्रॅनाइट. आपला सह्याद्री याच्यापुढे कालचं पोर. नीट बघितलं तर कितीतरी शिळांवर ओळीनं चौकोनी खाचा दिसतील, शिवणीच्या टाक्यांसारख्या. पाथरवटांनी पाचरी मारून दगड फोडला त्या खुणा. काही शिळा खाचा पाडून तशाच राहिल्यात. १५६५ च्या लढाईनंतर शहर उजाड झालं, आणि अर्धवट खाचांची ती शिळा बघितली की मला उगाच वाटतं, हा माणूस जेवायला गेला आणि परत आलाच नाही.

पन्नासच्या नोटेवरचा रथ विठ्ठल मंदिराच्या आवारात आहे. एकसंध नाही, ग्रॅनाइटचे तुकडे असे बेमालूम जोडलेत की सांधा शोधावा लागतो. त्यात गरुड असायचा. १८५६ च्या एका फोटोत रथावर विटांचा कळसही दिसतो, आज तो नाही. रथापुढे सेल्फीची रांग असते, ती मी सोडून देतो आणि गाभाऱ्यात जातो. गाभारा रिकामा आहे. एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी विजयनगरहून विठोबा परत पंढरपुरास आणला, ही आपल्याकडची परंपरा. इतिहास म्हणून कितपत टिकेल त्यावर भांडणारे भांडोत. माझ्यासोबत आलेल्या मावशीनं, जिनं पन्नास वर्षांत एक वारी चुकवली नाही, त्या रिकाम्या जागेला हात जोडले आणि म्हणाली, "बरं झालं बाई, नेला." मला वाटतं हंपी मावशीएवढी कुणालाच कळली नाही.

उरलेल्या नोटांबद्दल थोडक्यात. राणी की वाव न चुकता बघा. अकराव्या शतकातली सात मजली विहीर, राणी उदयमतीनं बांधवलेली. पुराच्या गाळानं शतकानुशतकं बुजून राहिली, आणि म्हणूनच कोरीवकाम इतकं ताजं उरलं. सांचीत दक्षिण तोरणावर दोन लेख आहेत. एकात सातकर्णी राजाच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याचं दान, म्हणजे आपले सातवाहन. दुसऱ्यात विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी हे कोरलं असं लिहिलंय. ते वाचून तोरण बघितलं की दगड हस्तिदंतासारखा का वाटतो ते कळतं. लाल किल्ल्यात दिवाण-इ-खासच्या छताकडे बघून गाइड हळहळतो, तेव्हा गप्प उभे राहा. ते चांदीचं छत १७६० मध्ये आपल्याच भाऊसाहेबांनी उतरवून वितळवलं, सैन्याच्या पगारासाठी. कोणार्कबद्दल मी बोलणार नाही, भर मे महिन्यात दुपारी गेलो होतो आणि चाकापेक्षा सावली जास्त बघितली.

'सगळे दगडच, डोळ्यांना गारवा काय?' असं विचारणारे आमच्या घरातही आहेत. गारवा हवा तर मेघालयात जा, तिथे रबराच्या झाडाची जिवंत मुळं वळवून ओढ्यांवर पूल केलेत. नोंग्रियाटचा दुमजली पूल बघायला तीन हजारांवर पायऱ्या उतराव्या लागतात, आणि त्या परत चढाव्याही लागतात, हे लोक सांगत नाहीत. किंवा स्पितीत लांगझाला जा. चार हजार मीटरच्या वर, आणि दगड फोडला की आत समुद्रातल्या शंखांचे ठसे. पाहा, मी परत दगडावरच आलो.

खर्च, हॉटेलं, गाडीचा नंबर इनबॉक्समध्ये विचारू नका, मी मुक्कामाच्या बाबतीत फार आळशी माणूस आहे. डिसेंबर-जानेवारीत जा. विजापूर ते हंपी दगड दुपारी असा तापतो की देवळात अनवाणी पाय ठेवता येत नाही, पायमोजे बरोबर ठेवा. सहा-सात दिवस हवेत. पोरांना न्या, म्हाताऱ्यांना तर नक्की न्या.

आणि एक. पहिल्या वेळी मी सगळं गाडं घेऊन, आईवडील, पोरंबाळं, डबे, सतरंजी असं पहाटे निघून वेरूळच्या गेटवर पोचलो आणि गेटवरूनच परतलो. आई घृष्णेश्वराचं दर्शन घेऊन खूश होती, बाकीचे दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. अजिंठा सोमवारी.