बोनसवर 30 टक्के कर? आधी पगाराची स्लिप नीट वाचा

दिवाळी जवळ आली की एक मेसेज फिरू लागतो. ‘बोनसवर सरकार वेगळा 30 टक्के कर घेतं. बोनसमुळे स्लॅब वाढला तर सगळ्या पगारावर जादा कर बसतो, म्हणून बोनस नाकारलेलाच बरा. नाहीतर कंपनीला तो दिवाळीची भेट म्हणून द्यायला सांगा, 50,000 पर्यंतची भेट करमुक्त असते.’

एकेक बघू. आकडे 2025-26 या आर्थिक वर्षाचे, नव्या करप्रणालीचे.

‘वेगळा 30 टक्के’

असा दरच नाही. आयकर कायद्याच्या लेखी बोनस म्हणजे पगारच. वर्षाच्या पगारात तो मिळवायचा आणि बेरजेवर कर काढायचा. मग हातात इतका कमी का पडतो? समजा पगार 15 लाख. 75,000 ची प्रमाणित वजावट (पगारदाराला सरसकट मिळणारी सूट) जाऊन 14,25,000 उरले. सेससह (करावर लागणारा 4 टक्के उपकर) कर 97,500, म्हणजे महिन्याला 8,125. ऑक्टोबरात लाखभर बोनस आला की वर्षाचा कर 15,600 ने वाढतो, आणि बऱ्याच कंपन्या हा सगळा वाढीव कर त्याच महिन्यात कापून घेतात. स्लिपवर टीडीएस, म्हणजे पगारातूनच कापलेला कर, दिसतो 23,725. माणूस त्याला लाखाने भागतो आणि ‘चोवीस टक्के गेले’ म्हणून बोंब मारतो! त्यातले 8,125 तर दर महिन्याचेच. बोनसवरचा कर 15.6 टक्के.

‘स्लॅब बदलला की सगळ्या पगारावर जादा कर’

चूक. 20 टक्क्यांचा टप्पा 16 लाखांपुढे सुरू होतो; करपात्र उत्पन्नाने ही रेघ ओलांडली तर 20 टक्के फक्त रेघेवरच्या रकमेला. खालचे टप्पे जागच्या जागी.

पण मेसेजवाल्याला एक ठिकाणी मान द्यावा लागेल, आणि ते ठिकाण त्याला स्वतःलाच ठाऊक नाही. 12 लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर आयकर कायद्याच्या कलम 87अ च्या सवलतीमुळे कर शून्य होतो. करपात्र उत्पन्न बरोबर 12 लाख असताना 50,000 बोनस आला, तर टप्प्यांप्रमाणे कर होतो 67,500. सीमान्त सवलत (12 लाखांवरच्या कमाईपेक्षा कर जास्त होऊ नये म्हणून दिलेली सूट) तो 50,000 वर आणते, पण त्यावर 4 टक्के सेस लागतोच. मिळाले 50,000, गेले 52,000. हसू नका, हिशेब करून बघा. मात्र हा खड्डा अरुंद आहे. करपात्र उत्पन्न साधारण 12.74 लाखांपुढे गेलं की बोनसातलं काहीतरी हातात उरू लागतं. 11,75,000 वर असलेल्याला लाखाच्या बोनसातले 25,900 तरी उरतात. अर्थात हेही काही पेढे वाटण्यासारखं नाही. या खड्ड्याच्या काठावर असाल तर बोनस नाकारण्याआधी कंपनी तुमच्या एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) खात्यात थेट भरणा करते का, ते विचारा. मूळ पगार व महागाई भत्त्याच्या 14 टक्क्यांपर्यंतचा असा भरणा नव्या प्रणालीतही करपात्र उत्पन्नातून वजा होतो.

‘भेट म्हणून घ्या’

50,000 ची मर्यादा इतरांकडून मिळालेल्या भेटींची. मालकाने नोकरीपोटी दिलेले पैसे पगारातच धरले जातात, मग पाकिटावर ‘शुभ दीपावली’ लिहा नाहीतर ‘सानुग्रह अनुदान’. 2025-26 मध्ये मालकाकडून मिळालेल्या, वर्षाला 5,000 च्या आतल्या वस्तूला किंवा व्हाउचरला सूट होती, रोख रकमेला नाही.

या मेसेजने सर्वात जास्त घाबरतो तो कारखान्यातला कामगार. 1965 च्या बोनस कायद्याखाली बोनस मिळण्याची मर्यादा महिना 21,000 पगाराची होती; नोव्हेंबर 2025 मध्ये त्या कायद्याची जागा वेतन संहितेने घेतली. अशा कामगाराचं वर्षाचं उत्पन्न बोनस धरूनही 4 लाखांच्या आतच राहतं. दुसरी कमाई नसेल तर त्याला करच नाही. तरीही त्याच्या बोनसातून टीडीएस कापला गेला असेल, तर त्याने आधी हिशेब खात्याचं दार ठोठावावं.